बालिकबायन आणि हातगाडीवरचा इतिहास

फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत 'बालिकबायन' असा एक शब्द आहे. 'बालिक' म्हणजे परतणे आणि 'बायन' म्हणजे गाव किंवा देश. परदेशी राहून मायदेशाच्या भेटीस आलेल्या माणसाला हा शब्द लावतात. १९७३ साली मार्कोस यांच्या सरकारने अशा लोकांनी मायदेशी फेरी मारावी म्हणून खास योजना सुरू केली. लगेच १९७४ साली कामगार संहिता आणून माणसे परदेशी कामाला पाठविण्याची सरकारी व्यवस्थाही केली. एका हाताने बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने पाठवायचे, असा तो प्रकार होता. २०१३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर राहत होते.

बोटीवर नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी रजेवर आला की भेटून जातो. त्याच्याबरोबर फिलिपिनो खलाशी पुष्कळ. घरी जायचे दिवस जवळ आले की घरच्या जेवणाइतकेच ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीविषयी बोलतात, असे तो सांगतो. इतिहास शिकविणाऱ्याला अशा ठिकाणी गप्प बसवत नाही. ही गाडी भरली कोणी, हे मी शोधू लागलो. तेव्हा दिसले की, ज्या 'आपल्या मातीच्या चवी'साठी ही माणसे हजारो मैल येतात, तिच्यातले कितीतरी समुद्रावरून आलेले आहे.

सकाळी खांद्यावर कावड घेऊन 'ताहो' विकणारा येतो. सोयाबीनच्या दुधाचा मऊ खरवसासारखा पदार्थ, त्यावर गुळचट पाक आणि साबुदाण्याचे मोती. हा पदार्थ चिनी, त्याचे नावही चिनी. शेवयांचे 'पान्सित' आणि सारण भरलेली 'लुम्पिया' यांची नावेही फुकियन प्रांतातल्या बोलीतून आली. चिनी व्यापारी तेथे स्पॅनिश लोकांच्या आधीपासून येत होते, आणि १५९४ साली मनिलात बिनोंदो ही त्यांची वस्ती स्थापन झाली.

स्पेनने १५७१ साली मनिलाला राजधानी केले. पुढे १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये व्यापारी गलबते चालली. मका, भुईमूग आणि मिरची ही मूळची अमेरिकेची. आज निखाऱ्यावर भाजलेले कणीस आणि लसूण घालून तळलेले शेंगदाणे मनिलाच्या रस्त्यावर मिळतात. दुपारच्या खाण्याला तेथे 'मेरियेन्दा' म्हणतात, तो शब्दही स्पॅनिश.

१८९८ साली स्पेन गेला, अमेरिका आली. मनिलात बर्फाचा कारखाना निघाला, डबाबंद दूध मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथील जपानी दुकानदार किसलेल्या बर्फावर गोड उसळ घालून विकत. त्यातूनच 'हालो-हालो' वाढले. या नावाचा अर्थच 'कालवाकालव'!

गोव्याच्या वाचकांना एक पदार्थ ओळखीचा वाटेल. १६ ते २४ डिसेंबर या दिवसांत पहाटेची प्रार्थना आटोपून लोक चर्चबाहेर गरम 'बिबिंगका' खातात. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि खाली-वर निखारे. गोव्याची बेबिंका अंड्यांच्या बलकाची आणि थरांची, पण नारळाचे दूध आणि वरचा विस्तव दोन्हीकडे आहे.

शाकाहारी वाचकांनी पुढच्या चार ओळी सोडल्या तरी चालेल. संध्याकाळच्या गाडीवर कोंबडीची आतडी, पाय आणि गोठवलेल्या रक्ताचे चौकोन काडीला टोचून भाजतात. चांगले मांस परवडत नाही, तेव्हा उरलेले वाया जाऊ द्यायचे नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. कोंबडीच्या पायांना लोकांनी 'आदिदास' नाव दिले, रक्ताच्या काळ्या चौकोनाला 'बेटामॅक्स', डुकराच्या कानाला 'वॉकमन'. सोनी कंपनीने बेटामॅक्सची यंत्रे २००२ साली आणि कॅसेटी २०१६ साली बंद केल्या. गाडीवर मात्र ते नाव अजून चालू आहे.

परतलेला माणूस ही काडी आंबट-तिखट व्हिनेगरात बुडवतो, तेव्हा चीन, स्पेन, मेक्सिको असा हिशेब त्याच्या मनात नसतो. दोन-दोन वर्षांनी घरी आल्यावर धाकटे मूल त्याच्याजवळ यायला बिचकते. घराला नवा मजला चढलेला असतो, पण तो चढताना हा तेथे नव्हता. गाडीवाल्यापाशी मात्र त्याला पाहुणा म्हणून वागवत नाहीत. तेथे तो इतरांसारखा रांगेत उभा राहतो, आणि बहुधा यासाठीच तो आधी तेथे जातो.

आपल्या बेळगावकडची मुलेही आता पुणे, बंगळूर, आखात अशी पांगली आहेत. सुटीला आली की चुरमुऱ्यांचे गिरमिट खायला निघतात. ज्याला आपण चुरमुरे म्हणतो त्याला शेजारी मंडक्की म्हणतो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून भाषेच्या हक्कासाठी आपण भांडलो. ते भांडण रास्तच आहे. पण गिरमिट कोणाचे, हे गाडीपाशी अजून कोणी विचारलेले नाही. आपल्या मुलांनी दोन्ही शब्द शिकावेत, आणि परत येण्याजोगी ती गाडी आपण येथे टिकवावी.