हाक पोचायला दुपार झाली

गुरुवार, 17 जुलै 1947. गटारी अमावस्या.

सकाळी 8. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला सुटली. सणाला घरी निघालेले चाकरमानी, फेरीवाले, कोळी, अशी सातशेवर माणसं. 1936 साली बांधलेल्या या बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं.

8.30. काशाच्या खडकाजवळ पावसाने आणि लाटांनी गाठलं. पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली.

8.35. बोट बुडाली. मदत मागायच्या खुणा सागरी नियमांत तेव्हाही होत्या: मिनिटामिनिटाला तोफेचा बार, अग्निबाण, भोंगा न थांबवता वाजवणं. पण अशी खूण कुणाला तरी दिसावी, ऐकू यावी लागते. भर पावसात कोण बघणार? पावसाच्या पडद्यापलीकडे पोचली असती ती बिनतारी हाकच.

9.30. रेवसला बोट लागायची वेळ टळली. पावसाळ्यात उशीर व्हायचाच, असंच कुणालाही वाटलं असेल.

यानंतरचे तास मला सर्वांत छळतात, कारण मदत वेळेत पोचली तर काय होतं ते आता दिसलंय. याच बंदरात 18 डिसेंबर 2024 ला, दुपारी चारच्या सुमारास, नौदलाच्या बोटीच्या धडकेने 'नीलकमल' ही प्रवासी बोट बुडाली. पंधरा जण गेले. पण न्हावा-शेवा बंदराची 'पूर्वा' ही पायलट बोट धावून आली आणि तिने कितीतरी जणांना पाण्यातून वर घेतलं. आज जहाजांचे कान व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर असतात. तीनदा 'मेडे' म्हटलं की जवळच्याने धावायचंच. म्हणूनच ही हाक उगाच द्यायला सक्त मनाई आहे.

1947 च्या त्या सकाळी रेवसकडून मासळी घेऊन निघालेले कोळी योगायोगाने तिथे पोचले. त्यांनी भरलेली मासळी समुद्रात ओतली आणि त्या जागी माणसं घेतली. पाऊणशेच्या आसपास जीव वाचले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

दुपारी 3 च्या सुमारास. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा लाइफबॉयला धरून तरंगत गेटवेला लागला. बोट बुडाल्याचं मुंबईला तेव्हा कळलं. सहाशेहून जास्त माणसं गेली होती.