वरसईचे गोडसे भटजी

सर्बियांतील येरोतेय राचानिन नांवाच्या मठवासी साधूनें १७०४ सालीं जेरुसलेमची यात्रा केली व तिचें वर्णन लिहून ठेविलें. तसा प्रवासी आपल्या कोंकणांत शोधूं जातां विष्णुभट गोडसे यांचेंच नांव पुढें येतें.

विष्णुभटांचा जन्म १८२७ चा. गांव पेणजवळील वरसई. घरीं विद्या होती, परंतु डोक्यावर कर्जही होतें. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा वांटणार असें ऐकून १८५७ सालीं चुलते रामभट यांसह ते उत्तरेकडे निघाले. महूजवळ पोंचतात तों बंडाची वार्ता त्यांच्या कानीं आली. शहाणा मनुष्य तेथूनच परतला असता. हे पुढें गेले.

झांशीस त्यांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय लाभला. (नेवाळकर घराणें मूळचें आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांतील कोट गांवचें!) १८५८ च्या मार्च महिन्यांत सर ह्यू रोज यानें शहरास वेढा दिला, तेव्हां भटजी आंतच होते. एप्रिलच्या आरंभीं शहर पडलें. मग कत्तल, आगी, आणि संस्थानच्या ग्रंथसंग्रहाचा नाश! हें सारें त्यांनीं पाहिलें. मिळविलेली दक्षिणाही लुटीस गेली. पुढें काल्पीच्या वाटेवर राणी त्यांना पुन्हां भेटली. ती तहानलेली होती. तरी विद्वान ब्राह्मणानें आपणांसाठीं पाणी शेंदावें हें तिला रुचेना. तिनें स्वतःच विहिरीचें पाणी काढलें. सरकारी कागदांत असला प्रसंग कोठून सांपडणार?

द्रव्य गेलें, तरी भटजींनीं गंगोदकाची कावड खांद्यावरून वरसईस आणून आईबापांस स्नान घातलें. माझ्या मतें मूळ यात्रा ती हीच.

हकीगत लिहिली गेली ती पंचवीस वर्षांनीं, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. तेव्हां तारखांच्या बाबतींत तिजवर विसंबूं नये. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टींत मात्र भटजी खोटें सांगत नाहींत. वैद्यांनीं १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ छापतांना भाषा सुधारली व कांहीं मजकूर गाळला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. तरी गोडशांचा आधार घेणारानें प्रथम आपल्या हातीं कोणती आवृत्ति आहे तें पाहावें.