क्षयरोगी, त्याचे घर आणि त्याचे ताट

चरकसंहितेत राजयक्ष्म्याची उत्पत्तिकथा आहे. दक्ष प्रजापतीच्या अनेक कन्या चंद्राच्या भार्या. परंतु त्याचे मन एकट्या रोहिणीत गुंतले. इतर कन्यांची उपेक्षा पाहून दक्ष कोपला आणि चंद्राला यक्ष्म्याने ग्रासले. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला बरे केले, पण रोग मनुष्यलोकी येऊन राहिला. राजाला, म्हणजे सोमाला, झालेला म्हणून तो राजयक्ष्मा. या रोगाची चार कारणे संहितेत दिली आहेत: साहस म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादी वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषमाशन, म्हणजे अवेळी व अयोग्य आहार. चरकांचा राजयक्ष्मा आणि आजचा जंतुजन्य क्षयरोग एकच, असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु झिजत जाणाऱ्या माणसाचा विचार करताना त्याचे श्रम आणि त्याचे अन्न यांकडे पाहावे, ही दृष्टी जुनी आहे. ती आधुनिक वैद्यकाच्या कक्षेतून बाहेर कशी गेली आणि पुन्हा आत कशी येत आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय. या इतिहासाचे दोन महत्त्वाचे टप्पे भारतातच घडले. पहिला मद्रासमध्ये, दुसरा झारखंडमध्ये.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. १८९५ मध्ये रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. थुंकीतला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला, फुप्फुसातला डाग छायाचित्रात दिसू लागला. निदान असे वेगाने पुढे गेले, उपचार मात्र जागेवरच राहिले. रोग कोणता ते वैद्याला निश्चित सांगता येई, पण त्यापुढे त्याच्यापाशी देण्यासारखे फारसे काही नव्हते. ती पोकळी सॅनिटोरियमने भरली. हेर्मान ब्रेमर यांनी १८५० च्या दशकात सायलेशियात सुरू केलेली ही पद्धत युरोप-अमेरिकेत सर्वत्र पसरली: डोंगरावरची मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर दूध, अंडी, लोणी. महाराष्ट्रातही पाचगणी, मिरजेजवळची वानलेसवाडी, औंध ही नावे पुढे क्षयाशी जोडली गेली. 'हवापालट' हा साधा शब्द त्या काळी घरात दबक्या आवाजात उच्चारला जाई, तो यामुळेच.

सॅनिटोरियमने किती रोगी बरे झाले हा वादाचा विषय आहे. रोगी घरापासून दूर गेल्याने घरातील इतरांचा संसर्ग काही प्रमाणात टळला असेल, हे मान्य करता येईल. पण भारतापुढचा प्रश्न निराळा होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशात क्षयरोगी लाखांनी मोजावे लागत आणि खाटा हजारांनी. शिवाय महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणे हे ज्याच्या कमाईवर घर चालते त्याला परवडणारे नव्हते. सॅनिटोरियम हाच क्षयावरचा खरा उपचार असेल, तर बहुसंख्य भारतीय रोग्यांसाठी उपचारच नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

दरम्यान औषधे आली होती. अमेरिकेत १९४३ मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्या रोग्याला औषध द्यायचे आणि कोणाला केवळ विश्रांती, हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक क्रमाने ठरवले गेले. आधुनिक वैद्यकातील चाचण्यांचा तो आदर्श ठरला. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ रोगी दगावले, केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. मात्र जंतू लवकरच त्या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले आणि सुरुवातीचा लाभ बराचसा वाहून गेला. त्यावर उतारा सापडला तो औषधे जोडीने देण्यात. स्वीडनमधून आलेले पास आणि १९५२ मध्ये प्रचारात आलेले आयसोनायझिड ही दोन्ही पोटात घेण्याची औषधे होती. आयसोनायझिड तर स्वस्तही होते.

ही औषधे घरी बसून घेतली तर चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचे ते संयुक्त कार्य होते; शास्त्रीय सूत्रे वॉलेस फॉक्स यांच्याकडे होती. शहरातील दरिद्री, दाट वस्तीतील १९३ रोगी निवडून त्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा स्वतःच्या घरी. दोघांनाही तीच दोन औषधे, वर्षभर. घरचे रोगी औषध खरोखर घेतात काय, हे पाहण्यासाठी अचानक भेटी आणि मूत्रतपासणी होई.

निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर सॅनिटोरियममधील ९२ टक्के रोग्यांचा रोग शमला होता, घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. घरचे रोगी कोंदट खोल्यांत राहत होते, त्यांच्यापैकी अनेकांना विश्रांती मिळत नव्हती आणि त्यांचा आहारही निकृष्ट होता. तरी फरक एवढाच. घरातील माणसांना संसर्गाचा धोका अधिक असेल ही भीतीही पुढील पाहणीत निराधार ठरली. रोग्याने रोग पसरवला असेल तो मुख्यतः निदानापूर्वी. औषध सुरू झाल्यावर तो धोका झपाट्याने ओसरत होता.

या प्रयोगाचे मोल कमी लेखता येणार नाही. उपचारासाठी माणसाला घरातून उचलून नेण्याची गरज नाही, हे त्याने सिद्ध केले. १९६२ मध्ये सुरू झालेला भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला आणि जगभरची सॅनिटोरियमे हळूहळू ओस पडली. औषध कोणाच्या तरी देखत घेण्याची जी पद्धत १९९० च्या दशकात 'डॉट्स' या नावाने गाजली, तिचीही पूर्वपीठिका मद्रासच्याच नंतरच्या प्रयोगांत सापडते. श्रीमंत देशांनी शिकवावे आणि गरीब देशांनी शिकावे, हा क्रम येथे उलटला होता.

परंतु याच प्रयोगातून आणखी एक निष्कर्ष निघाला, आणि तो त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला. सॅनिटोरियममधील रोग्यांचा आहार उत्तम होता, त्यांचे वजनही अधिक वाढले. तरीही रोगमुक्तीत मोठा फरक नव्हता. म्हणजे पुरेशी औषधे मिळाली तर आहार हा निर्णायक घटक नाही. येथवर ठीक. पुढे त्याचे सूत्र झाले: क्षयाचा प्रश्न औषधांचा आहे, अन्नाचा नाही. धोरणकर्त्यांना ते सोयीचे होते. गोळ्या मोजता येतात, खरेदी करता येतात. उपासमारीला हात घालायचा तर शेती, मजुरी, रेशन अशी सगळी गाठोडी सोडावी लागतात.

मद्रासच्या शास्त्रज्ञांना याचा दोष देता येत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न जागेचा होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी चोख दिले. रोग्याच्या ताटात अधिक अन्न वाढले तर काय होईल, हे त्यांनी स्वतंत्रपणे तपासलेच नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, झालेला रोग बरा कशाने होतो आणि रोग मुळात होतो कशामुळे, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. जंतूचा शिरकाव असंख्य लोकांच्या शरीरात होतो. रोग त्यांतल्या थोड्यांनाच होतो. इंग्लंडमधील क्षयमृत्यू स्ट्रेप्टोमायसिन येण्याच्या कितीतरी आधीपासून उतरत होते, याकडे टॉमस मॅक्यून यांनी लक्ष वेधले होते. त्यांनी दिलेल्या कारणांवर वाद झाला, पण ती उतरण नाकारता आली नाही.

या दुसऱ्या प्रश्नाकडे भारतात पुन्हा लक्ष गेले ते खेड्यातल्या दवाखान्यातून. छत्तीसगढमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेत आलेल्या क्षयरोग्यांच्या नोंदी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. निदानाच्या वेळी पुरुषांचे वजन साधारण ४२ किलो, स्त्रियांचे ३४. त्या कामाशी निगडित असलेले डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी पुढे झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' ही चाचणी केली. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे तिच्यात होती. सर्व रोग्यांना औषधांबरोबर दरमहा धान्याची शिधा मिळाली. एका गटात घरच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटात घरच्यांना ही शिधा नव्हती. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. रोग्यांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही बरेच कमी दिसले. इतका परिणाम एखाद्या लशीने दाखवला असता तर तिचा मोठा गाजावाजा झाला असता.

सरकारची भूमिकाही बदलली आहे. २०१८ पासून क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. ही मदत रोग्याच्या नावावर येते. झारखंडचा धडा मात्र रोग्याच्या शेजारी जेवायला बसणाऱ्या, अद्याप आजारी न पडलेल्या माणसांविषयी आहे, आणि त्यांच्या नावाने या योजनेत काही येत नाही.

मद्रास आणि झारखंड यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. औषधे पुरेशी असतील तर झालेला क्षय कोंदट खोलीतही बरा होतो, हे मद्रासने सांगितले. त्याच खोलीत पुढचा रोगी तयार होण्याचे थांबवायचे असेल तर तेथे धान्य पोहोचवले पाहिजे, हे झारखंडने सांगितले. या दोहोंमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ गेला. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरोगी आजही भारतात आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या घरी औषध पोहोचले आहे, पुरेसे अन्न नाही.