फळप्रक्रियेत किलो आणि लिटरचे गणित : आंबा स्क्वॅशचे उदाहरण

घरगुती फळप्रक्रियेत गर, साखर आणि पाणी अनेकदा एकाच लिटरच्या मापाने मोजले जाते. कृतीतील प्रमाण मात्र वजनात दिलेले असते. एक लिटर पाणी एक किलो भरते. गर व साखरेचे तसे नाही. त्यामुळे स्क्वॅशचा ब्रिक्स कमी पडतो, ते आंबण्याचा धोका वाढतो आणि बाटल्यांचा हिशेबही चुकतो.

एक लिटर मापात भरणारे अंदाजे वजन
• पाणी : १ किलो
• आंब्याचा गर (१५ ते १६ ब्रिक्स) : १.०६ किलो
• दाणेदार साखर (न दाबता) : ०.८५ किलो
• साखरेचा पाक (५० ब्रिक्स) : १.२३ किलो
• तयार स्क्वॅश (४५ ब्रिक्स) : १.२० किलो

हे आकडे म्हणजेच गुणक. लिटरला गुणकाने गुणल्यास किलो मिळतात. किलोला गुणकाने भागल्यास लिटर मिळतात.

फरक किती पडतो?
१० किलो स्क्वॅशसाठी (४५ ब्रिक्स) १६ ब्रिक्सचा गर २.५ किलो, साखर ४ किलो, पाणी ३.४ लिटर व सायट्रिक आम्ल १०० ग्रॅम लागते. हेच आकडे लिटर समजून मापाने घेतल्यास गर २.६५ किलो, पण साखर फक्त ३.४ किलो पडते. तयार स्क्वॅशचा ब्रिक्स सुमारे ४१ येतो. स्क्वॅशसाठी किमान ४० ब्रिक्सची अट आहे, म्हणजे हाताशी जेमतेम एक अंश उरतो. गर कमी गोड असेल किंवा पाणी थोडे जास्त पडले, तर माल अटीत बसत नाही.

बाटल्यांचा हिशेबही तपासा. १० किलो स्क्वॅश म्हणजे सुमारे ८.३ लिटर. त्यातून ७०० मि.लि.च्या १४ नव्हे, ११ बाटल्या पूर्ण भरतात. दर याच हिशेबाने ठरवा.

आपल्या मालाचा गुणक असा काढा
१. रिकाम्या, कोरड्या भांड्याचे वजन घ्या.
२. भांड्यात खुणेपर्यंत पाणी भरून वजन करा.
३. भांडे कोरडे करून त्याच खुणेपर्यंत गर भरा व वजन करा.
४. गराच्या निव्वळ वजनाला पाण्याच्या निव्वळ वजनाने भागा.

उदा. रिकामी बादली ०.५ किलो, पाण्यासह १०.५ किलो आणि गरासह ११.१ किलो भरली, तर १०.६ ÷ १० = १.०६.

मोजताना काळजी
• मिक्सरमधून काढलेल्या गरात हवा असते. फेस बसल्यावरच माप घ्या.
• गरम पाक व रस प्रसरण पावतात. गुणक थंड झालेल्या मालाचा काढा.
• फोडी कधीही मापाने मोजू नका. फोडींमधील पोकळीमुळे प्रत्येक वेळी वेगळे वजन भरते.
• पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची मात्रा प्रतिकिलो दिलेली असेल, तर तयार मालाचे लिटर आधी किलोत बदला. हे रसायन व सायट्रिक आम्ल चमच्याने न घेता ग्रॅमच्या काट्यावर तोला.

शक्य तेथे कच्चा माल वजनानेच घ्या. लिटरचे माप पाण्यासाठी व बाटल्या भरण्यासाठी ठेवा. प्रत्येक घाणीचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर तपासून नोंदवहीत लिहा, मगच बाटल्या भरा.