श्रेयनामावलीतील एक ओळ : सुपरहिरोपटांकडे इतिहासाच्या नजरेतून

१/
१५ डिसेंबर १९७८ रोजी रिचर्ड डॉनर दिग्दर्शित ‘सुपरमॅन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. आरंभी पडदा सरकतो, ‘जून १९३८’ ही अक्षरे दिसतात आणि एका लहान मुलाचा हात ‘ॲक्शन कॉमिक्स’ची पाने उलटू लागतो. थोड्याच वेळात अवकाशात झेपावणाऱ्या श्रेयनामावलीत सुपरमॅनचे जनक म्हणून जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन नावे येतात. त्या एका ओळीसाठी या दोघांना जवळजवळ तीस वर्षे वाट पाहावी लागली. त्या ओळीचा हा इतिहास. #धागा

२/
सुपरहिरोपटाचे परीक्षण करताना काही प्रश्न ठरलेले असतात. अभिनय कसा आहे? दृश्यपरिणाम पटतात का? कथेचा वेग टिकतो का? आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न : चित्रपट मूळ कॉमिकशी किती प्रामाणिक आहे? हा शेवटचा प्रश्न खरे तर इतिहासाचा आहे. मूळ कोणाचे, कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या परिस्थितीतून आलेले, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

३/
सीगल आणि शुस्टर दोघेही १९१४ साली जन्मलेले, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. क्लीव्हलंड शहरातील ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्यांची गाठ पडली. सीगल लिहीत, शुस्टर चित्रे काढीत. महामंदीच्या त्या वर्षांत त्यांनी सुपरमॅनची कल्पना आकाराला आणली आणि वृत्तपत्रांना चित्रकथा पुरविणाऱ्या संस्थांकडे ती पुन्हा पुन्हा पाठविली. प्रत्येक ठिकाणाहून नकार आला.

४/
अखेर १९३८ मध्ये एका कॉमिक प्रकाशकाने ती स्वीकारली. तेरा पाने, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. या रकमेच्या बदल्यात पात्राचे सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. मार्च १९३८ चा तो चेक पुढे जपला गेला. इतर कामाचे पैसे धरून तो ४१२ डॉलरचा होता आणि त्यावर दोघांच्या नावांचे स्पेलिंगही चुकले होते. २०१२ मध्ये लिलावात त्याच कागदाला १,६०,००० डॉलर मिळाले.

५/
जून १९३८ च्या अंकातला सुपरमॅन आजच्या प्रेक्षकाला अनोळखी वाटेल. त्याला उडता येत नाही. तो लांब उड्या मारतो. परग्रहावरचे खलनायक अजून यायचे आहेत. तो पत्नीला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला अद्दल घडवितो आणि भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. पुढच्या एका अंकात तो असुरक्षित खाणीच्या मालकाला त्याच खाणीत उतरवून मजुरांचे हाल दाखवितो. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’च्या काळातील बेकार, संतप्त तरुणाईचा हा नायक होता.

६/
यश तत्काळ आले. १९३९ मध्ये वृत्तपत्रांतून दैनिक चित्रकथा आणि सुपरमॅनच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. १९४० मध्ये रेडिओमालिका आली. सीगल आणि शुस्टर यांना काम मिळत राहिले, कॉमिकवर त्यांची नावे छापली जात, मोबदलाही वाढला. मात्र पात्र त्यांचे राहिले नव्हते. रेडिओ, खेळणी, चित्रपट या साऱ्यांविषयीचा निर्णय हक्कधारकांच्या हाती होता.

७/
कॉमिकमधला सुपरहिरो पडद्यावर प्रथम आणण्याचा मान सामान्यतः ‘ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ या १९४१ च्या बारा भागांच्या मालिकापटाला दिला जातो. टॉम टायलर नायकाच्या भूमिकेत होते. उड्डाणासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तारेवरून सरकविली जाई. कथानक साधे, संवाद सपाट. पण ही उड्डाणदृश्ये आजही पाहवतात, कारण बाहुलीला खऱ्या आकाशाची आणि खऱ्या उजेडाची साथ आहे.

८/
त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लायशर स्टुडिओचा सुपरमॅनवरील पहिला ॲनिमेशनपट आला. १९४१ ते १९४३ या काळात असे एकूण सतरा लघुपट निघाले. त्यांपैकी पहिल्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. कथा प्रत्येक वेळी जवळजवळ तीच : संकट, लोइस लेन अडकते, सुपरमॅन धावून येतो. त्यांचे खरे बळ प्रकाश-छायेत आणि यंत्रांच्या अवजड हालचालीत आहे. लांब उड्या मारणाऱ्या नायकाचे उडणाऱ्या नायकात रूपांतर होण्यात या लघुपटांचा मोठा वाटा होता.

९/
१९४३ चा ‘बॅटमॅन’ हा कोलंबियाचा पंधरा भागांचा मालिकापट मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावा लागतो. बॅटमॅनच्या गुप्त गुहेची कल्पना या मालिकापटातून रुजली. त्याच मालिकापटात जपानी खलनायकाचे अत्यंत वंशद्वेषी चित्रण आहे आणि जपानी-अमेरिकनांना त्यांच्या वस्तीतून हलविणाऱ्या सरकारचे निवेदक कौतुक करतो. गुहेचा वारसा सांगणाऱ्या परीक्षणाने हा वारसाही सांगायला हवा.

१०/
येथे ‘मूळ’ या शब्दाची गुंतागुंत दिसू लागते. उड्डाण पडद्याने रुजविले, गुहा मालिकापटाने दिली, क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओवरून आले. पात्र अनेक हातांनी वाढत होते. पण अनेक हात लागले म्हणून पहिल्या हातांचे श्रेय संपत नाही. नेमके हेच श्रेय पुढच्या काही वर्षांत संपविले गेले.

११/
१९४७ मध्ये सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क परत मिळविण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने सुपरमॅन प्रकाशकाचाच ठरविला; ‘सुपरबॉय’बाबत मात्र सीगल यांची बाजू मान्य झाली. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली. दोघांचे काम गेले आणि कॉमिकच्या पानांवरून त्यांची नावेही काढली गेली.

१२/
त्याच १९४८ च्या जानेवारीत हाडामांसाचा सुपरमॅन प्रथमच पडद्यावर आला होता. पंधरा भाग, नायक कर्क ॲलिन. तो झेप घेऊ लागला की ॲलिन यांच्या जागी सरळसरळ हाताने रेखाटलेले चित्र येई. आज ते पाहून हसू येते. त्या काळी मुलांनी गर्दी केली. नायक पडद्यावर स्थिरावत होता आणि नेमक्या त्याच वर्षी त्याचे जनक कागदावरून पुसले जात होते.

१३/
पुढचा काळ कठीण गेला. शुस्टर यांची दृष्टी अधू होत गेली आणि चित्रकाराचा हात थांबला. सीगल मधल्या काळात त्याच प्रकाशनसंस्थेसाठी अनाम लेखक म्हणून पुन्हा सुपरमॅनच्या कथा लिहीत होते. स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणाचा मुद्दा घेऊन दोघे पुन्हा न्यायालयात गेले. १९७४ मध्ये अपील न्यायालयातही पदरी निराशा आली. तेव्हा सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करीत होते.

१४/
अशातच सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार, त्याच्या हक्कांसाठी मोठी रक्कम मोजली गेली, ही बातमी आली. १९७५ च्या शरद ऋतूत सीगल यांनी एक दीर्घ निवेदन लिहून वृत्तमाध्यमांकडे पाठविले. झालेल्या अन्यायाचा पाढा वाचून त्यांनी या चित्रपटाला चक्क शाप दिला होता. चित्रपटाचे एकही दृश्य अजून चित्रित झाले नव्हते.

१५/
चित्रकार नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी व्यंगचित्रकारांच्या संघटनांना उभे केले. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवर दोघा वृद्धांची कहाणी झळकू लागली. कायद्याच्या दृष्टीने कंपनी सुरक्षित होती. लोकलज्जेच्या दृष्टीने नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये वॉर्नर कंपनीने प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर देण्याचे मान्य केले. पैशाचा आकडा ठरल्यावरही रॉबिन्सन अडून राहिले ते नावांसाठी. तीही मान्य झाली.

१६/
मग आला १९७८ चा चित्रपट. परीक्षणाच्या कसोटीवर तो आजही बराच टिकतो. क्रिप्टनची थंड, स्फटिकमय दुनिया, कॅन्ससची सोनेरी शेते आणि मेट्रोपोलिसची धांदल असे तीन वेगळे सूर डॉनर यांनी एकत्र बांधले. जॉन विल्यम्स यांच्या संगीताने त्यांना सलगता दिली; दृश्यपरिणामांना विशेष ऑस्कर मिळाले. ख्रिस्तोफर रीव्ह केवळ खांदे पाडून आणि आवाज बदलून एकाच देहात दोन माणसे उभी करतात.

१७/
उणिवाही ठळक आहेत. पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेण्याचा शेवट नायकाच्या दुःखातली सारी हवा काढून घेतो. लेक्स लूथरचे विनोदी साथीदार कथेला हलके करतात. समकालीन समीक्षकांतही मतभेद होते : ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये रॉजर एबर्ट यांनी चित्रपटाचे भरभरून स्वागत केले, तर ‘न्यूयॉर्कर’च्या पॉलिन केल यांची निराशा झाली.

१८/
आता तो ठरलेला प्रश्न : चित्रपट मुळाशी प्रामाणिक आहे का? पोशाख, दुहेरी ओळख, बुजरा वार्ताहर, हे सारे आहे. पण १९३८ चा संताप नाही. खाणमालकाच्या जागी जमिनीचा सौदा साधणारा गमतीदार खलनायक आला आहे. नायक व्यवस्थेशी भांडत नाही, तिचा शांत रक्षक झाला आहे. क्लीव्हलंडमधील दोन गरीब मुलांची नावे ठाऊक नसतील, तर ही वजाबाकी परीक्षकाच्या लक्षातच येणार नाही. श्रेयाचा प्रश्न असा थेट आस्वादाशी जोडलेला आहे.

१९/
याच चित्रपटातील आकडेही बोलके आहेत. मार्लन ब्रँडो यांचे नाव सर्वांत आधी येते. पडद्यावरील अल्प काळासाठी त्यांना ३७ लाख डॉलर आणि उत्पन्नात वाटा मिळाला. नायकाची भूमिका करणारे रीव्ह नामावलीत तिसरे. आणि ज्यांनी तो नायक कल्पिला, त्यांना वर्षाला २०,००० डॉलर, तेही आंदोलनानंतर. जगभरात या चित्रपटाने सुमारे ३० कोटी डॉलर मिळविले.

२०/
बॅटमॅनच्या बाबतीत उशीर आणखी मोठा झाला. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक २७ मधील पहिली कथा बिल फिंगर यांनी लिहिली. टोकदार कानांचा मुखवटा, पंखासारखा झगा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम सिटी, या सर्वांत त्यांचा हात होता. श्रेय मात्र करारान्वये एकट्या बॉब केन यांना मिळत राहिले. फिंगर १९७४ मध्ये वारले. पात्राचे सहनिर्माते म्हणून त्यांचे नाव तोवर कोठेही अधिकृतपणे लागले नव्हते.

२१/
१९८९ मध्ये टिम बर्टन यांच्या ‘बॅटमॅन’ने ४० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. गॉथमच्या काळोख्या वास्तुरचनेचे परीक्षकांनी यथायोग्य कौतुक केले. त्या नगरीला नाव देणाऱ्या लेखकाचा श्रेयनामावलीत पत्ता नव्हता. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात केन यांनी फिंगर यांचे ऋण मान्य केले. पण आत्मचरित्रातील कबुलीने पडद्यावरची ओळ बदलली नाही.

२२/
ती बदलली चिकाटीच्या संशोधनाने. लेखक मार्क टायलर नोबलमन यांनी फिंगर यांचे चरित्र धुंडाळले, त्यांच्या वारसांचा माग काढला. फिंगर यांच्या नातीने हक्काचा पाठपुरावा केला. २०१५ मध्ये कंपनीने श्रेय देण्याचे जाहीर केले आणि २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस’मध्ये फिंगर यांचे नाव केन यांच्या नावासोबत झळकले. चित्रपट अनेक परीक्षकांनी झोडपला. त्या श्रेयनामावलीचे ऐतिहासिक मोल मात्र अबाधित आहे.

२३/
मार्व्हलच्या बहुतांश प्रसिद्ध पात्रांना रूप देणारे जॅक कर्बी १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या वारसांचा कंपनीशी चाललेला वाद सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. तोवर पहिला ‘ॲव्हेंजर्स’ येऊन दोन वर्षे झाली होती. नावे वेगळी, कंपनी वेगळी. क्रम तोच : आधी पात्राची भरभराट, मग दीर्घ भांडण, आणि न्याय मिळालाच तर बहुधा पुढच्या पिढीला.

२४/
शुस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये वारले. दोघांनाही आपली नावे पडद्यावर पाहता आली. फिंगर यांना ते सुख लाभले नाही. म्हणून पुढचा सुपरहिरोपट पाहताना श्रेयनामावली सरकून जाऊ देऊ नये. पात्रांच्या जनकांची ओळ शोधावी, ती किती लहान अक्षरांत आहे ते पाहावे, त्या नावांनी लिहिलेला पहिला अंक मिळाला तर वाचावा. चित्रपट चांगला की वाईट, हे त्यानंतर ठरवावे.

(धागा समाप्त)
#इतिहास #सुपरमॅन #कॉमिक्स #चित्रपटपरीक्षण