पंधरा बॅकस्पेस

आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतल्या नोंदी मी जुन्या लॅपटॉपवर टाइप करत होतो. लिनक्सबरोबर आलेला टर्मिनलमधला छोटा एडिटर खरं तर पुरेसा होता, पण नव्या आवृत्तीची हाव सुटली. सोर्स कोड उतरवला, कॉन्फिगर चालवलं, मेक चालवलं. कुठेही एरर नाही. मग 'मराठी' लिहिलं, तर कर्सर शब्द सोडून भलतीकडेच जाऊन उभा. एक बॅकस्पेस दाबला, तर वेलांटीच्या जागी प्रश्नचिन्ह. अख्खा शब्द पुसायला किती वेळा दाबावं लागतं ते मोजलं: 15. हे लक्षात येण्याआधी सेव्ह केलेली दोन पानं नासली होती.

त्याच टर्मिनलमध्ये जुना एडिटर व्यवस्थित चालत होता, म्हणजे दोष फाँटचा नव्हता. धागा होता तो 15 या आकड्यात. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. म, र, काना, ठ, वेलांटी: पाच त्रिक पंधरा. मी बांधलेला एडिटर अक्षरं नव्हे, बाइट मोजत होता.

ही सवय जुनी. 1980च्या सुमारास बर्कलीत केन अर्नोल्ड यांनी 'कर्सेस' ही लायब्ररी लिहिली. बिल जॉय यांच्या व्हीआय एडिटरमधला कर्सर हलवण्याचा कोड त्यांनी वेगळा काढला, आणि 'रोग' हा गुहेत भटकण्याचा खेळ त्यावर चालला. पडद्यावरच्या प्रत्येक घरात एक बाइट. अॅस्कीला सातच बिट लागतात. उरलेला आठवा अर्नोल्ड यांनी अक्षर उठावदार दाखवायला वापरला. काटकसर म्हणून उत्तमच! पण इंग्रजीपलीकडच्या लिपीला त्या घरात जागा उरली नाही. यूटीएफ-8 त्यानंतर बारा वर्षांनी, सप्टेंबर 1992मध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर मांडलं. कर्सेसच्या 'एनकर्सेस' या नव्या अवताराला मोठ्या अक्षरांसाठी घर रुंद करावं लागलं. पण घराचं माप बदललं की आधी बांधलेले प्रोग्राम मोडणार. म्हणून रुंद लायब्ररी वेगळी ठेवली, नावात एक डब्ल्यू जास्त घालून.

माझ्या जुन्या लिनक्सवर दोन्हींच्या हेडर फायलींची पॅकेजंही वेगळी होती. मी टाकलं होतं ते बिनडब्ल्यूचं.

मग कॉन्फिगर बोललं का नाही? ते बोललं होतं. डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991मध्ये ऑटोकॉन्फ लिहिलं ते युनिक्सच्या डझनभर भावंडांना पुरून उरायला: यंत्राचं नाव विचारायचं नाही, एकेक सोय तपासायची, नसेल तर शक्य तिथे तिच्याशिवाय भागवायचं. शेकडो 'यस'-'नो'च्या ओळी भराभर सरकत असताना यूटीएफ-8 नसल्याची सूचना वर निघून गेली होती. वाचतं कोण! लॉगमध्ये ती शांतपणे बसलेली सापडली. तरी मला वाटतं, बहुभाषिक आधार नसेल तर बांधणी तिथेच थांबायला हवी. मजकूर नासवणारी उणीव ही सोयीची बाब नव्हे.

डब्ल्यूचं पॅकेज टाकलं, मेक क्लीन केलं, पुन्हा सगळं बांधलं. 'मराठी' लिहून बॅकस्पेस दाबत गेलो. आधी वेलांटी गेली, मग ठ, मग काना. एकूण पाच. आजोबांची ती दोन पानं वहीवरून पुन्हा टाइप करतो आहे.