गुप्त मंडळ्यांचें स्वरूप

गुप्त मंडळी म्हणजे केवळ लपून बसलेली टोळी नव्हे. शपथ, निवडक माणसें आणि मौन हीं तिचीं तीन अंगें होत. आणि उघड बोलण्यास जेथें बंदी, तेथेंच ती बहुधा जन्मास येते. फ्रान्सांत मार्सेय येथें मॅझिनीनें १८३१ सालीं ‘तरुण इटली’ स्थापिली. नाशकांत १९०० सालीं ‘मित्रमेळा’ निघाला व १९०४ सालीं त्याचाच ‘अभिनव भारत’ झाला. मेळ्याचे उत्सव उघड, शपथ मात्र गुप्त.

पण मौनाची किंमत जबर असते. २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. पुढें कान्हेरे, कर्वे व देशपांडे फांशीं गेले, आणि सहकाऱ्यांच्याच जबान्यांनीं मंडळी उघडी पडली.

आमच्या पिपरी मेघेलगतच्या वर्ध्यानें दुसरा मार्ग पाहिला. १४ जुलै १९४२ रोजीं काँग्रेस कार्यकारिणीनें तेथें इंग्रजी सत्ता संपविण्याचा ठराव उघडपणें केला. गांधीजींस गुप्तता अमान्य होती. तरी नेते पकडले जातांच चळवळ भूमिगत झालीच.

म्हणून गुप्ततेस सरसकट दोष देणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. कार्य संपल्यावर ती स्वतः संपते काय, हीच तिची कसोटी. ‘अभिनव भारता’ची सांगता १९५२ सालीं पुण्यास जाहीरपणें झाली, हें वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.